डबक्याभोवतीची रेघ

मर्सेड परगण्याच्या नियोजन कार्यालयात
माझं काम रेघा ओढायचं.
इथे घरं, इथे बदामाच्या बागा, इथून रस्ता,
आणि हिरव्या पेनानं : इथे कुणी हात लावायचा नाही.

जागा पहिल्यांदा पाहिली ती ऑगस्टमध्ये.
तडकलेली माती, करडं गवत, शेणाचे वाळके पो.
अमारो सिल्वेरा, ज्याची ही कुरणं,
बुटाच्या टोकानं ढेकूळ उडवून म्हणाला,
"हेच ते तुमचं तळं. पोहायला उतरताय?"

पा न्या शिओंगनं ते ढेकूळ उचललं,
पिशवीत घातलं, वर तारीख टाकली.
कार्यालयात बशीत ठेवून पाणी ओतलं,
फ्रीजमध्ये सरकवलं, आमच्या जेवणाच्या डब्यांना खेटून.
पाचव्या दिवशी काही न बोलता
तिनं भिंग माझ्या हातात दिलं.

टाचणीच्या टोकाहून बारीक,
पाण्यात धडपडणारे ठिपके. परीकोळंबी.
कोण जाणे किती उन्हाळे ती अंडी
गुरांच्या खुरांखाली वाट बघत होती.
(वाट बघणं हा आपला शब्द.
ती नुसती होती.)

मी नकाशात सत्तेचाळीस निळे ठिपके भरले,
प्रत्येकाभोवती शंभर पावलांचं वर्तुळ.
सुबक दिसत होतं. माझी मीच खूश.

मग जानेवारीतल्या ओल्या रात्री
पा न्या बॅटरी घेऊन एका सॅलमँडरमागे निघाली.
काळाभोर, अंगावर पिवळे डाग,
चाल अशी की कुणाचं देणं फेडायला निघालाय
आणि घाई मात्र नाही.
तीन रात्री तो चालला.
माझं वर्तुळ ओलांडलं, कुंपण ओलांडलं,
होऊ घातलेल्या रस्त्याच्या मधोमध जरा थबकला,
आणि पाऊण मैलावर
खारीच्या रिकाम्या बिळात उतरला.
सकाळी चिखलाच्या बुटांनी ती माझ्या टेबलाशी :
"रेघ सरकवावी लागेल."
"कुठपर्यंत?"
"ते खारींना विचार."

दोन वर्षं सभा चालल्या.
ग्रेटा हॅल्वरसनला चारशे घरं बांधायची होती,
"एका सरड्यापायी?" ती म्हणाली.
"सरडा नाही तो," असं सगळ्या बाजूंनी एकदम उत्तर आलं,
तिच्या वकिलाकडूनही.
रस्ता वळला. घरं उताराच्या पलीकडे गेली.
आम्ही कुंपण घातलं, गायी बाहेर काढल्या
आणि एकमेकांना केक भरवला.

तिसऱ्या वसंतात
परदेशी गवत गुडघ्याला लागलं.
पाणी पिऊन टाकलं त्यानं, एप्रिल उजाडायच्या आत.
पिल्लांना पाय फुटायचे होते अजून.
पा न्यानं ती मोजली, वहीत लिहिली,
वही मिटली, आणि गाडीत जाऊन बसली.

अमारोच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघी,
पुढे कॉफी, गोड पाव, त्याची बायको फिलोमेना,
आणि जिभेवर न येणारं वाक्य.
शेवटी मीच म्हटलं : गायी परत आणाल?
तो हसला नाही, हे त्याचे उपकार.
"चराईचं भाडं कोण देणार," एवढंच म्हणाला,
"मी, की डबकं?"

आता आराखड्याच्या सहाव्या प्रकरणात
गायी आहेत. किती, कोणत्या महिन्यात, किती दिवस.
दर पाच वर्षांनी पुन्हा मोजायचं,
चुकलो असलो तर लिहायचं.
मार्चमध्ये पाणी ओसरताना कडेकडेनं
फुलांची कडी उमटतात, आधी पिवळी, मग आत निळी,
प्रत्येक कडं माझ्या रेघेपेक्षा वाकडं
आणि बरोबर.

बारा नंबरचं डबकं मात्र
चार वर्षं भरलेलं नाही.
ग्रेटाचा माणूस दर हिवाळ्यात फोन करतो :
ते एक तरी पुसायचं का?
फ्रीजमध्ये माझ्या डब्याशेजारी बशी आहे,
तिच्यावर पा न्याच्या अक्षरात चिठ्ठी :
बारा. हात लावू नये.